हिलसाइड रोड ते सहा हजार कोटी

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन', म्हणजे 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षणसंस्था व प्रयोगशाळा, आणि जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक. १ जानेवारी २०२५ पासून योजना अमलातही आली.

या बातमीचा मला मनापासून आनंद झाला, हे आधी नोंदवतो. मी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी पदार्थविज्ञान शिकलो. तिथल्या ग्रंथालयात परदेशी संशोधन-नियतकालिक एकही येत नसे. एखादा शोधनिबंध हवा असला की पुण्यात शिकणाऱ्या मित्राची विनवणी करायची, नाहीतर थेट लेखकाला ई-मेल धाडून उत्तराची वाट पाहायची. आज शासकीय महाविद्यालयात बसलेल्या मुलीला ही वणवण करावी लागणार नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

पण या सहा हजार कोटींनी आपण वाचण्याची परवानगी विकत घेतली आहे. आपल्याच करातून झालेले संशोधन जगाला, आणि योजनेच्या बाहेर राहिलेल्या आपल्याच देशातल्या डॉक्टरला, शिक्षकाला, छोट्या उद्योजकाला विनामूल्य वाचता यावे, हा प्रश्न वेगळा आहे. त्याला ओपन ॲक्सेस म्हणतात; मी इथे 'मुक्त उपलब्धता' म्हणेन. वाचण्याचा प्रश्न आणि प्रकाशनाचा प्रश्न यांची ताटातूट भारतात कशी झाली, याचा बराचसा इतिहास दिल्लीत घडलेला आहे आणि त्याचा आरंभ एकाच रस्त्यावर झाला. पोस्ट लांबणार आहे; सवडीने वाचावी.

तो रस्ता म्हणजे पुसा परिसरातला हिलसाइड रोड. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे उद्घाटन तिथे २१ जानेवारी १९५० रोजी झाले. तिचे पहिले संचालक के. एस. कृष्णन. आज तो रस्ता त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९२८ साली कलकत्त्यात रामन यांच्यासोबत प्रकाशाच्या विकिरणाचे प्रयोग करणारे कृष्णन हेच. त्या शोधाचा मुख्य निबंध रामन यांनी 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' या देशी नियतकालिकात दिला आणि त्याच्या छापील प्रती जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना टपालाने रवाना केल्या. ज्यांच्या ग्रंथालयात कलकत्त्याचे नियतकालिक पोचण्याची शक्यता नव्हती, त्यांच्या टेबलावर निबंध पोचवण्याची जबाबदारी लेखकाने स्वतः उचलली. पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामॉस इथे प्रीप्रिंटचे जे संगणकीय भांडार उघडले, ज्याला आम्ही भौतिकीवाले 'अर्काइव्ह' म्हणतो, ते माझ्या लेखी याच टपालाचे विस्तारित रूप होय.

हिलसाइड रोडवर १९५२ साली युनेस्कोच्या साहाय्याने एक लहानसे केंद्र सुरू झाले: इन्सडॉक, म्हणजे भारतीय राष्ट्रीय वैज्ञानिक प्रलेखन केंद्र. त्याचे काम ऐकायला साधे, करायला किचकट. धारवाडच्या किंवा नागपूरच्या एखाद्या प्राध्यापकाने संदर्भ लिहून पाठवायचा. तो अंक देशातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे हे केंद्राने शोधायचे. त्या पानांची छायाप्रत किंवा मायक्रोफिल्म काढून टपालाने धाडायची. निबंध रशियन, जर्मन किंवा जपानी भाषेत असेल तर त्याचा इंग्रजी अनुवादही करून द्यायचा. कोणते वैज्ञानिक नियतकालिक कोणत्या गावी येते याची राष्ट्रीय संघसूची याच केंद्राने सिद्ध केली, १९६० च्या दशकात राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालय उभारले आणि १९६५ पासून 'इंडियन सायन्स ॲबस्ट्रॅक्ट्स'मधून भारतीय निबंधांचे सारांश देण्यास आरंभ केला. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात एक अंक दहा ग्रंथालयांनी घेण्यापेक्षा एकाने घ्यावा आणि सर्वांनी वाचावा, हा विचार त्यामागे होता. 'एक राष्ट्र, एक वर्गणी'चे बीज शोधायचे असेल तर ते इथे आहे. भेद एवढाच, की तेव्हा घेतलेला अंक देशाच्या मालकीचा होत असे, कायमचा.

त्याच रस्त्यावर दुसरी एक कचेरी होती: वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे प्रकाशन संचालनालय. परिषद स्थापन झाली सप्टेंबर १९४२ मध्ये, आणि तिचे 'जर्नल ऑफ सायंटिफिक अँड इंडस्ट्रियल रिसर्च' हे नियतकालिकही त्याच सालचे. म्हणजे शांतिस्वरूप भटनागर यांच्या मनात प्रयोगशाळा आणि नियतकालिक या दोन गोष्टी बरोबरीने होत्या. पुढे १९६३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ प्युअर अँड अप्लाइड फिजिक्स' आणि 'इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री', १९७२ मध्ये रेडिओ व अवकाश भौतिकीचे नियतकालिक, अशी यादी वाढत गेली. 'वेल्थ ऑफ इंडिया'चे जाडजूड खंड आणि हिंदीतले 'विज्ञान प्रगती' हेही याच घराण्यातले.

एका कचेरीने देशाला वाचायला द्यायचे, दुसरीने देशाचे छापायचे. १९५० च्या दशकातली ही रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. दोन्ही हात एकाच शरीराचे होते. बिघाड झाला तो नंतर, आणि तो संस्थांपेक्षा आम्हा संशोधकांच्या सवयींत झाला.

सवय अशी, की उत्तम निबंध परदेशी पाठवायचा आणि उरलेला देशी नियतकालिकाला द्यायचा. यात केवळ न्यूनगंड होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निबंध ज्यांनी वाचावा ते तज्ज्ञ परदेशात होते, भारतीय अंक त्यांच्यापर्यंत पोचत नसत, छपाई महिनोन्महिने रखडत असे. पण एकदा नेमणूक आणि बढती देणाऱ्या समित्यांनी नियतकालिकाच्या नावावरून माणसाची प्रत जोखायला सुरुवात केल्यावर ती सवय नियमात बदलली. देशी नियतकालिकाला चांगला निबंध मिळेना, म्हणून त्याची पत वाढेना. पत नाही म्हणून निबंध मिळेना. हे चक्र अजून फिरते आहे.

वाचण्याच्या बाजूला वेगळेच संकट आले. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. डॉलर-पौंडांतल्या वर्गण्या एका रात्रीत महागल्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून नियतकालिके एकेक करून गळू लागली. जुन्या ग्रंथालयांतल्या मांडण्या पाहिल्या तर बांधीव खंडांची रांग नव्वदीच्या आसपास खंडित झालेली अनेक ठिकाणी दिसते. त्यावरचा उपाय पुन्हा दिल्लीतच निघाला: एकत्र येऊन घासाघीस करण्याचा. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांचा ई-नियतकालिकांचा संघ २००२ च्या सुमारास, आयआयटी दिल्लीत मुख्यालय असलेला 'इंडेस्ट' संघ २००३ मध्ये, पाठोपाठ विद्यापीठांसाठी 'यूजीसी-इन्फोनेट', आणि २०१५ मध्ये या धाग्यांना एकत्र गुंफणारा 'ई-शोधसिंधू'. किमती उतरल्या, वाचकसंख्या वाढली. पण कागदी अंक जाऊन पडद्यावरचा अंक आला तेव्हा मालकीही गेली. वर्गणी थांबली की मांडणीवरचा खंड उरत असे. आता काय उरेल, ते करारातल्या कलमांवर अवलंबून असते.

२००२ साली हिलसाइड रोडवरचे ते दोन हात अधिकृतपणे एकत्र आले. प्रकाशन संचालनालयाचे रूपांतर झालेली निस्कॉम आणि इन्सडॉक यांचे विलीनीकरण होऊन निस्केअर ही संस्था झाली. त्या वेळी सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धचा लढा मराठी वाचकांना ठाऊक आहेच. त्या अनुभवातून जन्मलेले पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालयही याच संस्थेत उभे राहिले. मौज अशी, की ते ग्रंथालय मुद्दाम बंद ठेवलेले होते: ते पाहण्याची मुभा होती ती पेटंट कार्यालयांना, आणि इतरांसाठी ते खुले करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये घेतला. याच्या अगदी उलट, त्याच संस्थेने आपली सर्व संशोधन-नियतकालिके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली. 'नोपर' नावाचे ते भांडार २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. वाचकाकडून पैसा नाही आणि लेखकाकडूनही नाही; खर्च सरकारचा. आज जगभर याला हिरा-पद्धतीची मुक्त उपलब्धता म्हणतात आणि तिच्यावर परिषदा भरतात. आपल्याकडे ती एका शासकीय कचेरीत, फारसा गाजावाजा न होता, सुरू झाली होती. १४ जानेवारी २०२१ रोजी निस्केअर आणि निस्टॅड्स एकत्र होऊन आजची एनआयएससीपीआर झाली. भांडार चालूच आहे.

आणि ही कल्पना सिद्ध झाली होती ती आधीच, दिल्लीत नव्हे तर परळला. केईएम रुग्णालय व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्टाफ सोसायटीचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघते. नव्या शतकाच्या आरंभी त्याचे सर्व लेख महाजालावर खुले झाले. या खटपटीमागे होते बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू, ज्यांनी मुंबईत 'मेडनो' ही प्रकाशनसंस्था उभी केली होती. फुकट दिले तर वर्गणीदार पळतील, ही सार्वत्रिक भीती होती. साहूंनी अनुभवाने उलटे दाखवले: लेख खुले झाल्यावर परदेशातून निबंध येऊ लागले, उद्धृते वाढली आणि छापील अंकाची मागणी घटली नाही. ते पाहून भारतीय वैद्यक संघटनांची नियतकालिके एकामागून एक त्यांच्याकडे आली. बहुतेक ठिकाणी लेखकाला शुल्क नव्हते. २०११ मध्ये 'मेडनो' वोल्टर्स क्लुवर या डच कंपनीने विकत घेतली. तो व्यवहार व्यावसायिक दृष्ट्या समजण्याजोगा आहे. तरीही जगात दाखला म्हणून सांगितला जाणारा आपला प्रयोग टिकवायला इथली एकही सार्वजनिक संस्था पुढे आली नाही, हे मला खटकत राहते. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्याच्या संशोधननिधीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'सायलो' हा सामायिक मंच उभारला आणि तो लॅटिन अमेरिकाभर पसरला. आपल्याकडे डॉक्टर होते, संपादक होते, वाचक होते. मंचाला आश्रय मात्र नव्हता.

दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावर, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांच्या शेजारी, भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीची, 'इन्सा'ची इमारत आहे. वैज्ञानिक ज्ञान सर्वांस खुले असावे असे सांगणारा बर्लिन जाहीरनामा ऑक्टोबर २००३ चा. 'इन्सा'ने त्यावर २००४ मध्ये स्वाक्षरी केली, म्हणजे पुष्कळ युरोपीय विद्यापीठांच्या आधी. पुढे याच अकादमीची नियतकालिके स्प्रिंगरच्या मंचावर गेली. विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेले, १९६६ पासून चालणारे नियतकालिकही त्यात आले. बंगळुरूच्या विज्ञान अकादमीनेही २००७ च्या सुमारास स्प्रिंगरशी सहकार्य केले, पण आपल्या संकेतस्थळावर निबंधांच्या विनामूल्य प्रती ठेवण्याचा हक्क राखला. एकच प्रकाशक, दोन अकादम्या. कराराच्या मेजावर काय मागायचे हे ज्याने आधी ठरवले त्याला ते मिळाले. आणि रामन यांचा शोध ज्यात प्रसिद्ध झाला ते 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'? तेही आज स्प्रिंगरकडेच आहे. दर २८ फेब्रुवारीला भाषणे करताना हे कोणी सांगत नाही.

सरकारने धोरण केले नाही असे नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सप्टेंबर २०१३ मध्ये मुक्त उपलब्धतेचे धोरण जाहीर केले. १२ डिसेंबर २०१४ रोजी जैवतंत्रज्ञान विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांनी संयुक्त धोरण आणले. त्याचा गाभा असा: या विभागांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा निबंध कुठेही छापा, पण स्वीकृत हस्तलिखिताची प्रत निबंध स्वीकारला गेल्यापासून दोन आठवड्यांत भांडारात जमा करा. प्रकाशकाने मुदत घातली असेल तर ती संपल्यावर प्रत आपोआप खुली होईल. निबंध कोणत्या नियतकालिकात आला यापेक्षा त्याचे अंगभूत मोल पाहावे, असेही त्यात म्हटले होते. एक पैसा न देता ज्ञान खुले करण्याचा हा मार्ग होता. याला हरित मार्ग म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने असे भांडार २००२ मध्येच उघडले होते, आणि राउरकेलाच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्रत जमा करणे सक्तीचे केले होते. म्हणजे दाखलेही घरचेच होते.

मग काय झाले? माझ्या ओळखीच्या प्रयोगशाळांपुरते सांगतो: पालन हौसेवर राहिले. अनुदानाच्या अहवालात निबंधांची यादी मागतात. त्यातील प्रती कुठे जमा केल्या हे मला आजवर कोणी खोदून विचारलेले नाही. शिवाय 'ओपन ॲक्सेस' या शब्दाभोवती एव्हाना दुर्गंधी सुटली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकाने जॉन बोहॅनन यांचा सापळा प्रसिद्ध केला. मुद्दाम चुकांनी भरलेला बनावट निबंध त्यांनी ३०४ खुल्या नियतकालिकांना पाठवला. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला, आणि अशा नियतकालिकांचे सर्वांत मोठे ठाणे भारत निघाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीसाठी निबंधांचे गुण मोजायला लावल्यावर पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने इथे उगवली होती. ती निवडण्याचे काम पुढे पुण्यात झाले. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्य यादीची चिरफाड केली. त्याच वर्षी मेमध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली, आणि नंतरची 'केअर' यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून सांभाळली गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने ती यादीही बंद केली. या सगळ्या गदारोळात एक घोटाळा पक्का झाला: लोकांच्या मनात 'खुले' म्हणजे 'पैसे भरून छापलेले' असे समीकरण बसले. 'नोपर'वरचे शुल्कमुक्त, तज्ज्ञांनी तपासलेले नियतकालिक आणि भामट्याचे दुकान एकाच रांगेत उभे राहिले.

या काळात वाचणाऱ्यांनी आपला मार्ग आपणच काढला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या झेरॉक्सच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी ऑगस्ट २०१२ मध्ये दावा लावला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विकणे हा गुन्हा, असे त्यांचे म्हणणे. अमर्त्य सेन यांच्यासह ज्यांची पुस्तके त्या गठ्ठ्यांत होती अशा अनेक लेखकांनीच दाव्याला विरोध केला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रती १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुभा दिलेल्या आहेत, आणि कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त वा नैसर्गिक हक्क नव्हे, असे त्यांनी स्पष्ट केले. डिसेंबरात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासण्यास सांगितले, तरी मूळ तत्त्व उचलून धरले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. इन्सडॉकच्या छायाप्रतींपासून रामेश्वरीच्या यंत्रापर्यंत दिल्लीची ही परंपरा अखंड आहे, असे म्हणायला हरकत नसावी.

या निकालाने सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाला हुरूप आला. सार्वजनिक दस्तऐवज खुले करण्यासाठी झटणारे अमेरिकेचे कार्ल मालामूद यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अँड्र्यू लिन यांच्याबरोबर ७ कोटी ३० लाख निबंधांचा साठा तिथल्या संगणकांवर उभा केल्याची बातमी 'नेचर'ने जुलै २०१९ मध्ये दिली. निबंध माणसांनी वाचायचे नव्हेत. यंत्राने चाळून त्यांतले धागेदोरे शोधायचे, अशी ती कल्पना होती.

आणि साय-हब. सप्टेंबर २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या सहा महिन्यांत त्या संकेतस्थळावरून २ कोटी ८० लाख निबंध उतरवले गेले, त्यातले ३४ लाख भारतातून. चीनचा आकडा ४४ लाख. हे कायदेशीर नव्हते, आणि आमच्या क्षेत्रात त्याची कुजबूज नव्हे तर राजरोस चर्चा चाले, हे लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. दिल्ली सायन्स फोरमसारख्या संघटना आणि अनेक वैज्ञानिक बाजू मांडण्यासाठी पुढे आले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने साय-हब भारतात बंद करण्याचा आदेश दिला. एका वर्षाच्या आरंभी सरकारने वर्गणी भरली आणि त्याच वर्षी मागचे दार बंद झाले. दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध जोडायचा मोह मी टाळतो.

युरोपातील निधीसंस्थांनी सप्टेंबर २०१८ मध्ये 'प्लॅन एस' मांडला: आमच्या पैशांतून झालेले सर्व निबंध छापल्या क्षणी खुले हवेत. तत्कालीन प्रमुख वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये भारत त्यात सामील होईल असे जाहीर केले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तो विचार सोडल्याचे सांगितले. माझ्या मते ती माघार शहाणपणाची होती. कारण 'प्लॅन एस'नंतर मोठ्या प्रकाशकांनी दारावरची तिकीटखिडकी वाचकाकडून लेखकाकडे हलवली. 'नेचर'ने २०२१ पासून एक निबंध खुला करण्याचे शुल्क ९,५०० युरो ठरवले, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे साडेआठ लाख रुपये. इथल्या कितीतरी पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या दोन वर्षांच्या विद्यावेतनाएवढे. मागे एका परदेशी नियतकालिकाने आमचा निबंध स्वीकारल्यावर खुला करायचा का, अशी आपुलकीने चौकशी केली होती. रक्कम पाहून आम्ही तितक्याच आपुलकीने नकार कळवला आणि प्रीप्रिंट अर्काइव्हवर ठेवले.

आता टक्केवारीकडे येतो, कारण बातम्यांत शेवटी तीच येते. एखाद्या संस्थेचे किती टक्के निबंध खुले आहेत, याला एक उत्तर नसते. शुल्क भरून नियतकालिकातच खुला केलेला निबंध मोजला तर तो सुवर्ण. भांडारात प्रत असेल तर हरित. प्रकाशकाने स्वतःहून, परवाना न देता, तूर्त उघडा ठेवला असेल तर कांस्य, आणि तो उद्या बंदही होऊ शकतो. हीदर पिवोवार आणि सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात एकूण वाङ्मयापैकी किमान २८ टक्के आणि २०१५ च्या निबंधांपैकी ४५ टक्के खुले आढळले, पण त्यात सर्वांत मोठा वाटा कांस्याचा होता. भौतिकीच्या संस्थेचा आकडा अर्काइव्हमुळे आपसूक फुगतो, रसायनाच्या प्रयोगशाळेचा तसाच आपसूक रोडावतो. त्यात धोरणाचे कर्तृत्व नसते. मग दोन संस्थांची तुलना करून कोणाला शाबासकी देणार?

योजनेत लेखकांसाठीही तरतूद आहे: निवडक दर्जेदार खुल्या नियतकालिकांत छापण्याचे शुल्क भरण्यासाठी वर्षाला १५० कोटी रुपयांपर्यंत. साधा हिशेब करू. एका निबंधामागे अडीच लाख रुपये धरले तर यातून वर्षाला ६,००० निबंध खुले होतील. भारतातून दरवर्षी दोन लाखांहून अधिक निबंध निघतात. म्हणजे जेमतेम तीन टक्के. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांसाठी २०१४ चे धोरण अजून रद्द झालेले नाही, भांडारांचे तंत्रज्ञान फुकट आहे, आणि हस्तलिखिताची प्रत प्रत्येक लेखकाच्या संगणकात असतेच.

दिल्लीतला हा करार ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपेल. पुढच्या वाटाघाटींना प्रकाशक येतील तेव्हा कोणत्या विद्यापीठाने कोणते नियतकालिक किती वेळा उघडले याचे तपशील त्यांच्या हाती असतील, आणि त्यावरून ते किंमत सांगतील. आपल्या बाजूने मेजावर ठेवायला दुसरा आकडा हवा: त्यांच्या तेरा हजार नियतकालिकांत आपण छापलेल्या निबंधांपैकी किती निबंधांची प्रत आपल्याच भांडारात खुली आहे. सीएसआयआरच्या ३७ प्रयोगशाळांपासून आरंभ करता येईल. निबंधांच्या याद्या त्यांच्या वार्षिक अहवालांत असतात, आणि मोजणी करू शकणारी माणसे डॉ. के. एस. कृष्णन मार्गावर बसतात.